‘फे’ असलेली माणसं

स्पॅनिशमध्ये ‘फे’ म्हणजे श्रद्धा. क्युबात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो मला पुण्यात स्पॅनिश शिकताना कुणी सांगितला नव्हता. ‘फामिलिया एन एल एक्स्त्रान्हेरो’, म्हणजे परदेशातले नातेवाईक. त्यातल्या दोन मुख्य शब्दांची आद्याक्षरं एफ आणि ई. जोडली की झालं ‘फे’. तेव्हा हवानात कुणी ‘आमच्याकडे फे आहे, चाललंय कसंबसं’ असं म्हणालं तर देवाचा विषय निघालाय असं समजू नका. त्या घरात दर महिन्याला कुठून तरी डॉलर येतात, एवढंच सांगायचं असतं.

हा विनोद मला तियाने समजावला. तिया म्हणजे मावशी. ती माझी कुणी लागत नाही. मायामीला लागून असलेल्या हायलीया नावाच्या गावात तिच्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली, छोटा ओटा आणि बाथरूम आहे. तिथे मी भाड्याने राहते. या खोल्यांना इथे ‘एफिशियन्सी’ म्हणतात. हायलीयात हा जवळजवळ कुटिरोद्योग आहे. प्रत्येक घराच्या पाठीमागे एक एफिशियन्सी आणि तिच्यात नुकतंच कुणीतरी आलेलं. बँक, दवाखाना, गॅरेज, सगळीकडे स्पॅनिश. इंग्रजी बोललात तर समोरचा माणूस क्षणभर दचकतो, मग आतून कुणाला तरी हाक मारतो.

माझं स्पॅनिश ऐकून तिया पहिल्या दिवशी पोट धरून हसली होती. तिच्या मते मी टीव्हीवरच्या बातम्यांसारखं बोलते. क्युबन माणसं शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळून टाकतात, मधली अक्षरं वाऱ्यावर सोडतात आणि बसला ‘ग्वाग्वा’ म्हणतात. पपईला तर पपई म्हणायचीच सोय नाही. हवानाच्या बाजूला तो शब्द बाईच्या शरीराच्या एका भागासाठी वापरतात, त्यामुळे फळाचं नाव ‘फ्रुता बोंबा’. मी भाजीच्या दुकानात मोठ्याने ‘दोन चांगल्या पिकलेल्या पपया द्या’ म्हणाले होते. पुढचं सांगत नाही.

तिया १९८० साली आली. त्या वर्षी एप्रिलमध्ये हवानातल्या पेरूच्या दूतावासाच्या आवारात काही दिवसांत दहा हजारांवर माणसं घुसली. सगळ्यांना देश सोडायचा होता. शेवटी फिदेल कास्त्रोंनी जाहीर केलं की ज्यांना जायचं आहे त्यांनी मारिएल बंदरातून जावं. मायामीहून नातेवाइकांच्या बोटी आल्या आणि सहा महिन्यांत सव्वा लाख माणसं समुद्र ओलांडून गेली. जाणाऱ्यांना सरकारी भाषेत ‘एस्कोरिया’ म्हणत. धातू वितळवताना वर जो मळ येतो, तो. नुसते शब्दच नव्हते. ज्या घरातून कुणी जाणार असेल त्या घरासमोर शेजाऱ्यांना जमवायचं, घोषणा द्यायच्या, दारावर अंडी फेकायची. ‘आक्तो दे रेपुदियो’, म्हणजे जाहीर धिक्कार.

तिया तेव्हा तेवीस वर्षांची होती. तिच्या दारावरही अंडी पडली. पुढे कोण होतं हे ती आजही नावानिशी सांगते. समोरच्या बिल्डिंगमधली, गल्लीच्या समितीची अध्यक्ष. या समित्या १९६० पासून प्रत्येक गल्लीत आहेत. काम क्रांतीचं रक्षण करणं. व्यवहारात कोण कुणाकडे येतं-जातं, कोणाच्या घरातून मांसाचा वास येतो, याची नोंद ठेवणं. समितीची ही अध्यक्षीण तियाला लहानपणापासून ओळखत होती. तिच्याच घरी तिया गाणं शिकायला जायची. तियाच्या सांगण्यानुसार त्या संध्याकाळी किमान दोन डझन अंडी फुटली. ‘अंडी!’ ती म्हणते. ‘तेव्हा फेकायला अंडी होती, मिहा.’ मिहा म्हणजे पोरी.

त्या गोष्टीत मला जास्त काय खुपलं असेल तर पुढचा भाग. मायामीत उतरल्यावर तिचं स्वागत काही फुलांनी झालं नाही. १९५९च्या क्रांतीनंतर लगेच आलेले जे क्युबन होते, डॉक्टर, वकील, साखर कारखान्यांचे मालक, त्यांनी या नव्या लोकांना ‘मारिएलितो’ म्हणायला सुरुवात केली. त्या शब्दात गुन्हेगार, अडाणी, कम्युनिस्टांच्या राज्यात वाढलेले, काळे, सगळं आलं. त्या बोटींमधून तुरुंगातली काही माणसंही धाडली होती हे खरं. पण ओळख सगळ्यांचीच तीच झाली. १९८३ साली ‘स्कारफेस’ आला आणि शिक्का कायमचा बसला. तिया सांगते, पहिली तीन वर्षं तिने कुणी विचारलं तर १९६८ मध्ये विमानाने आले असं सांगितलं.

आणि हीच तिया २०२२ मध्ये आलेल्यांबद्दल काय म्हणते? ‘यांना काम नको. यांना आयफोन हवा. हे भुकेने आलेत, आम्ही स्वातंत्र्यासाठी आलो.’

प्रत्येक लाट मागून येणाऱ्या लाटेबद्दल हेच म्हणते. साठच्या दशकातले ऐंशीच्या लोकांबद्दल, ऐंशीचे १९९४ मध्ये ट्यूबांचे तराफे करून आलेल्यांबद्दल, आणि तराफेवाले आताच्या पोरांबद्दल. मी हायलीयात तीन वर्षं राहून काही शिकले असेन तर क्युबन माणसाला ‘तू कुठून आलास’ विचारू नये, ‘कोणत्या साली’ विचारावं. त्यावरून त्याचा पक्ष, त्याची कॉफी पिण्याची जागा, आणि बरेचदा त्याचा रंगसुद्धा कळतो.

२०२२ मध्ये आलेल्यांपैकी एक तियाच्याच घरात आहे. तिच्या मोठ्या बहिणीचा नातू. मोठी बहीण हवानातच राहिली. तिचा नवरा क्रांतीवर मनापासून विश्वास असलेला, आणि ती स्वतः शाळेत शिक्षिका. १९६१च्या साक्षरता मोहिमेत शहरातली पोरं कंदील घेऊन खेड्यापाड्यांत शिकवायला गेली होती. ती तेव्हा लहान होती. आपल्याला जाता आलं नाही याची खंत तिने आयुष्यभर बाळगली.

नातवाला ना विश्वास होता, ना खंत. त्याला फ्रीज विकायचा होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये निकाराग्वाने क्युबन लोकांना व्हिसा माफ केला आणि अख्ख्या बेटावर घरातल्या वस्तू विकायला निघाल्या. फ्रीज, मोटरसायकल, पलंग, काहींनी घरंच. मानाग्वाचं तिकीट, मग तिथून दलालांच्या हाताखाली होंडुरास, ग्वातेमाला, मेक्सिको. या वाटेला क्युबात ‘ज्वालामुखींची सहल’ म्हणत, कारण विमानतळावर सगळे निकाराग्वाचे ज्वालामुखी बघायला चाललो असंच सांगायचे. अमेरिकेला क्युबन लोक लाडाने ‘ला युमा’ म्हणतात, एका जुन्या वेस्टर्न सिनेमावरून आलं म्हणे ते नाव. हा पोरगा सीमा ओलांडून ज्या गावात शिरला त्या ॲरिझोनातल्या गावाचं नावही युमाच. ‘तिया, मी युमामधून युमात आलो’ हा त्याचा ठेवणीतला विनोद आहे. त्या एका आर्थिक वर्षात अमेरिकेच्या सीमेवर सव्वादोन लाखांच्या आसपास क्युबन आले. मारिएलपेक्षा कितीतरी जास्त. आणि मारिएलवर सिनेमे निघाले, यांच्यावर कुणी काढला नाही.

इथे माझं स्वतःचं एक दुखणं सांगते. मी एच-वन-बी वर आहे. ग्रीन कार्डाच्या भारतीय रांगेत माझा नंबर कधी येईल हे विचारणं आम्ही मित्रमंडळींनी सोडून दिलंय. क्युबन माणसासाठी मात्र १९६६चा कायदा आहे. रीतसर प्रवेश मिळाल्यावर एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिलं की ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. तियाला हे जगाचं नैसर्गिक नियम वाटतात. ‘तुला इतकी वर्षं का लागतायत? काही केलंस का तू?’ असं तिने मला संशयाने विचारलं होतं. तेव्हा मला तिचा, आणि खरं सांगायचं तर सगळ्या क्युबन लोकांचा, हेवा वाटला होता.

नातवाच्या बाबतीत तो कायदा लागू झाला नाही. सीमेवर त्याच्या हातात जो कागद दिला त्याचं नाव आय-२२०ए. शेजारच्या टेबलावर त्याच दिवशी दुसऱ्या पोराला दुसरा कागद मिळाला, ‘परोल’चा. त्या पोराला दीड वर्षात ग्रीन कार्ड मिळालं. २०२३च्या सप्टेंबरमध्ये इमिग्रेशनच्या अपील मंडळाने सांगितलं की आय-२२०ए म्हणजे परोल नव्हे. म्हणजे हा पोरगा इथे आहे, टॅक्स भरतो, छपरांची कामं करतो, आणि कायद्याच्या नजरेत आत आलेलाच नाही. माझा हेवा तेव्हा संपला. कोणता अधिकारी कोणत्या टेबलावर बसला होता यावर आयुष्य ठरतं हे कळल्यावर हेवा करायचा तरी कोणाचा?

*

डिसेंबर २०२४ मध्ये मी हवानाला गेले. भारतीय पासपोर्टवर जाता येतं, फक्त अमेरिकेतून निघताना कोणत्या कारणासाठी हे सांगावं लागतं. तियाला कळलं त्या दिवसापासून माझी बॅग माझी राहिली नाही. अशा माणसाला ‘मुला’ म्हणतात, खेचर. मी खेचर झाले. रक्तदाबाच्या गोळ्या, मुदत बघून घेतलेली अँटिबायोटिक्स, दूध पावडर, कोंबडीच्या सूपचे क्यूब, कॉफी, चार्जिंगचा पंखा, एलईडी दिवे, पॅरासिटामॉलच्या बाटल्या. २०२१ च्या निदर्शनांनंतर क्युबाच्या सरकारने औषधं आणि खाण्याच्या वस्तूंवरचा कस्टमचा कर उठवला आणि मी गेले तेव्हाही तो उठलेलाच होता, त्यामुळे मायामीच्या विमानतळावर हवानाच्या रांगेत प्रत्येक बॅग प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या बैलासारखी दिसत होती. कॉफीचं मला हसू आलं. क्युबाला कॉफी घेऊन जायची! तिया हसली नाही.

शेवटी तिने एक छोटं पाकीट दिलं. वेगळं, नाव लिहिलेलं. साखर मोजायच्या पट्ट्या आणि मलमाच्या दोन ट्यूब. नाव होतं गल्लीच्या त्या अध्यक्षिणीचं.

मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, ‘म्हातारीला मधुमेह आहे. आणि तिच्याकडे फे नाही.’

विमान जेमतेम तासभराचं. हवानाच्या मध्यभागातल्या त्या गल्लीत मी पोचले तेव्हा वीज नव्हती. चार डिसेंबरला अख्ख्या देशाची वीज गेली होती, दोन महिन्यांतली ती तिसरी वेळ. ऑक्टोबरात मातान्सासचं मोठं वीजकेंद्र बंद पडलं तेव्हा सगळं बेट काळोखात होतं. वीज जाण्याला ‘आपागोन’ म्हणतात. नव्वदच्या दशकात, सोव्हिएत संघ कोसळल्यावर, इतका काळोख असायचा की लोकांनी वीज येण्यासाठी शब्द काढला: ‘आलुम्ब्रोन’. तो शब्द परत वापरात आलाय.

थोरल्या बहिणीने मला तिची ‘लिब्रेता’ दाखवली. रेशनचं पुस्तक. १९६२ पासून प्रत्येक कुटुंबाला मिळतं. आपल्याकडच्या रेशन कार्डाची आठवण येईल, पण तिथे ते सगळ्यांनाच होतं, मंत्र्यालाही. एके काळी त्यावर मांस, साबण, बियर, मुलांची खेळणी मिळायची. आता बरीचशी पानं कोरी. रोजचा पाव सप्टेंबरमध्ये ८० ग्रॅमवरून ६० ग्रॅमवर आला. तिने तो पाव माझ्या तळहातावर ठेवला आणि काही बोलली नाही. किमान पेन्शन तेव्हा १,५२८ पेसो होती, तिची थोडी जास्त. खासगी दुकानांत तीस अंड्यांचा क्रेट तीन हजार पेसोच्या घरात. गणित तुम्हीच करा. तिथे सगळे हेच गणित करत असतात.

पण मला ती बाई बिचारी म्हणून रंगवायची नाही, आणि तिलाही ते आवडणार नाही. मी पिशव्या उघडत असताना ती एक एक वस्तू वहीत लिहून घेत होती, शिक्षिकेच्या अक्षरात. नंतर मला म्हणाली, ‘धाकटीला वाटतं मी इथे अडकले. मी अडकले नाही. मी राहिले.’ दारामागे खिळ्यावर चार किल्ल्या टांगलेल्या होत्या. चार कुटुंबं गेली, एक माद्रिदला, तीन अमेरिकेत. घरं कुणी बळकावू नयेत म्हणून ती रोज संध्याकाळी एकेका घरात जाऊन खिडक्या उघडते, झाडांना पाणी घालते, नळ सोडून बघते. चार घरांतल्या भिंतींवरचे फोटो तिला पाठ झालेत. सरकारी आकड्यांनुसार २०२३च्या अखेरीस क्युबाची लोकसंख्या एक कोटीच्या जरा वर उरली होती. त्याच्या दोन वर्षं आधी ती एक कोटी अकरा लाखांच्या पुढे होती. आकड्यापेक्षा मला त्या किल्ल्या जास्त कळल्या.

माद्रिदवाल्यांची गोष्ट वेगळीच. त्यांचे आजोबा स्पेनमधल्या आस्तुरियासचे. स्पेनने २०२२ मध्ये नातवंडांना नागरिकत्व देणारा कायदा केला आणि हवानातली तरुण पोरं शंभर वर्षांपूर्वीचा जन्मदाखला शोधायला लागली. ज्या आजोबांनी उपासमारीला कंटाळून स्पेन सोडलं आणि क्युबात किराणा दुकान टाकलं, त्यांच्या कागदावर नातू उलट्या दिशेने निघाला. फिदेल कास्त्रोंचे वडीलही असेच गालिसियाहून आलेले.

बॅगेत मी माझ्याकडून एकच वस्तू नेली होती, पंचवीस सेंटचं नाणं. २०२४ मध्ये अमेरिकेने सेलिया क्रूझचं नाणं काढलं. सेलिया क्रूझ, क्युबाचा सगळ्यात मोठा आवाज, १९६० मध्ये देशाबाहेर गेली. १९६२ मध्ये आई वारली तेव्हा तिला अंत्यसंस्काराला येऊ दिलं नाही. सरकारी रेडिओवर कित्येक दशकं तिचं गाणं लागलं नाही. तियाचीही आई अशीच गेली, ऐंशीच्या दशकात. तिलाही परवानगी मिळाली नव्हती. तेव्हा सगळं एकट्या थोरलीनेच केलं होतं. नाण्यावर सेलियाचा चेहरा आणि तिची आरोळी, ‘असुकार’, साखर. थोरलीने ते चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, ‘हे चालतं का खरंच, दुकानात?’ चालतं म्हटलं. ‘मग तिकडे ती चालते,’ असं म्हणून तिने नाणं लिब्रेतात ठेवलं, कोऱ्या पानांच्या मध्ये.

समोरच्या बिल्डिंगमध्ये मी एकटीच गेले. अध्यक्षीण आता नव्वदीच्या आसपास. खुर्चीत बसलेली, पाय सुजलेले, भिंतीवर चे गेव्हाराचा तोच फोटो, जो पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर टी-शर्टवर मिळतो. दोन मुलं देशासाठी अंगोलाच्या युद्धात जाऊन आली. एक वारला, दुसरा तिच्यासोबतच राहतो, तोही म्हातारा. बाहेरच्या देशात कुणी नाही. गल्लीत सगळ्यात निष्ठावान घर होतं ते, म्हणून आज सगळ्यात गरीब. हे वाक्य लिहायला मला बरं वाटत नाही, पण पाहिलं ते हेच.

मी पाकीट दिलं आणि कोणाकडून ते सांगितलं. तिने नाव ऐकून डोळे मिटले. अंड्यांचा विषय ती काढेल अशी मी वाट पाहत होते, लेखकाची वाईट सवय. ती म्हणाली, ‘ती अजून गाते का? वरचा सूर तिचा कधी लागला नाही.’ मग पट्ट्या मोजल्या, दोनदा. निघताना मला थांबवून म्हणाली, पुढच्या वेळी जमलं तर पेन्सिल सेल आणायला सांग, चार्जिंगचे.

परत आल्यावर तियाला निरोप दिला. ‘वरचा सूर?’ ती भडकलीच. ‘तिला स्वतःला काय येत होतं?’ आणि दुसऱ्या दिवशी चार्जिंगच्या सेलचं पाकीट टेबलावर होतं.

*

नोव्हेंबरमध्ये तियाने मत दिलं होतं. कोणाला, हे हायलीयात विचारावं लागत नाही. मायामी-डेड काउंटी १९८८ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन उमेदवाराकडे गेली. तिच्या दृष्टीने कम्युनिस्टांशी कडक वागणारा माणूस तिने निवडला. २०२५ उजाडलं तसं व्हॉट्सॲपवर बातम्या यायला लागल्या, हजेरीला गेलेले आय-२२०एवाले तिथूनच ताब्यात घेतले. नातवाची हजेरी मेमध्ये होती.

रविवारी जेवताना वाद झाला. काळा घेवडा, भात, तळलेली केळी. तिया म्हणाली, ‘ज्यांनी गुन्हा केलाय त्यांना पकडतायत. तू घाबरू नकोस. आम्ही नीट आलो होतो, रीतसर.’

पोरगा सहसा तिला उलटून बोलत नाही. त्याने भाताचा घास संपवला. ‘तिया, तू मासेमारीच्या बोटीतून आलीस. तुझ्याकडे कोणता कागद होता?’

कुणीच बोललं नाही. टीव्हीवर डॉमिनोजची जाहिरात चालू होती. तिया उठली, त्याच्या ताटात आणखी दोन केळ्याचे काप वाढले आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

हजेरीच्या दिवशी ती त्याच्यासोबत गेली. पहाटे चारला उठून, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र फ्रेममधून काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून. त्याचा काही उपयोग नव्हता, वकिलाने तसं सांगितलं होतं. मी ऑफिसला दांडी मारून त्यांना गाडीने सोडलं. रांग इमारतीला वळसा घालून गेलेली. बायका, तान्ही मुलं, छत्र्या, आणि एक माणूस थर्मासमधून छोट्या प्लास्टिकच्या कपांत कॉफी वाटत होता. आत फक्त ज्याची हजेरी तोच जातो. तिया बाहेर फुटपाथवर घडीच्या खुर्चीवर बसली. शेजारी एक तिच्याच वयाची बाई होती. तिया तिला म्हणाली, ‘मी ऐंशीची. मारिएल.’ तिने हे असं मोठ्याने सांगताना मी पहिल्यांदा ऐकलं.

तीन तासांनी पोरगा बाहेर आला. हातात कागद, त्यावर पुढची तारीख, नोव्हेंबर. तियाने कागद उलटसुलट करून पाहिला, त्याच्या गालावर एक हलकी चापट मारली आणि म्हणाली, आजीला कळव.

त्याने गाडीत बसूनच व्हॉईस मेसेज पाठवला. राखाडी रंगाची एकच खूण आली. हवानात वीज नव्हती. संध्याकाळपर्यंत तिया दर थोड्या वेळाने विचारत राहिली, ‘दुसरी आली का?’


रात्री पावणेदोनला मागच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. तिया गाऊनमध्ये उभी, हातात पोराचा फोन. ‘आली,’ ती म्हणाली. ‘दोन्ही. आता निळ्या कधी होतात?’